मदत हवी आहे: मारुती ८०० घाटात ओढत नाही, मोठे इंजिन बसवावे की आहे तेच बांधून घ्यावे?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००६ सालची मारुती ८०० आहे. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), चार गिअर, एसी. मी वाईत राहतो आणि आठवड्यातून सहा दिवस तीन सहकाऱ्यांना घेऊन पसरणी घाटाने पाचगणीला कामावर जातो. गाडी वडिलांनी नवी कोरी घेतलेली आहे आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची नोंदणी रीतसर वाढवूनही घेतली आहे. त्यामुळे ‘विकून टाका’ हा सल्ला, जो घरात रोज फुकट मिळतो, तो कृपया येथे देऊ नये.

गेल्या दीड वर्षात गाडीची ओढ हळूहळू कमी होत गेली. पूर्वी जी वळणे तिसऱ्या गिअरवर निघत, तेथे आता दुसरा टाकावा लागतो आणि दांडेघरच्या अलीकडच्या चढावर कधी कधी पहिलासुद्धा. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर गाडी उभ्या जागी थरथरते. गरम झाल्यावर थरथर कमी होते, पण पूर्ण जात नाही. ॲव्हरेज १७ वरून १४ वर आले आहे. मात्र धूर अजिबात नाही, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइलही टाकावे लागत नाही. एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, प्लग आणि प्लगच्या वायरी बदलून झाल्या. क्लच प्लेट गेल्या वर्षीची आहे.

आमच्या मेस्त्रींनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते तपासले. पहिल्या सिलिंडरला १५५, दुसऱ्याला १५० आणि तिसऱ्याला १०५ पीएसआय असे आकडे आले. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की या इंजिनात आता राम राहिलेला नाही, त्यावर खर्च करण्यापेक्षा जुन्या वॅगन आरचे १०६१ सीसीचे इंजिन गिअरबॉक्ससह भंगारातून आणून बसवावे. कागदपत्रे कोणी पाहत नाही. मोह होतो, हे मान्य केले पाहिजे. माझे ७९६ सीसीचे इंजिन नवे असताना ३७ अश्वशक्ती आणि ५९ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. वॅगन आरचे ६० च्या पुढे अश्वशक्ती आणि ८४ न्यूटन-मीटर देते. गाडीचे वजन जेमतेम साडेसहाशे किलोच्या आसपास असल्याने फरक किती पडेल, हे सांगायला नको.

दुसरा पर्याय म्हणजे आहे त्याच इंजिनाचे फुल काम करणे: बोअरिंग (सिलिंडर आतून कापून रुंद करणे), ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंग. तिसरा पर्याय एका सहकाऱ्याने सुचवला आहे, तो म्हणजे फ्री-फ्लो (धुराला कमी अडवणारा) सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर. ज्यांनी यांपैकी काही स्वतः करून पाहिले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

एक गोष्ट लिहायची राहिली. २००९ ते २०१६ या काळात गाडी एलपीजीवर चालत होती. किट नंतर काढून टाकले, पण आरसीवर एलपीजीची नोंद अजून तशीच आहे.

प्रतिसाद १

प्रश्न व्यवस्थित मांडल्याबद्दल आभार. येथे बहुतेक धागे ‘पिकअप नाही, उपाय सांगा’ एवढ्यावरच सुरू होतात.

आधी आपल्या घाटाला किती ताकद लागते, ते पाहू. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे. गाडी, चार माणसे आणि डबे-पिशव्या मिळून ९६० किलो धरले आणि सरासरी चढ शंभराला सहा धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने हे वजन वर नेण्यासाठी चाकांवर साधारण साडेआठ अश्वशक्ती लागते. टायरच्या घर्षणाची दोन मिळवा. शंभराला दहाचा खडा चढ आला तरी हिशेब सोळाच्या आतबाहेर राहतो. उंचीवरच्या विरळ हवेमुळे इंजिनाची ताकद पाचगणीजवळ दहा-बारा टक्क्यांनी घटते, म्हणजे निरोगी इंजिनाकडे ३२ अश्वशक्ती उरते. गिअरबॉक्समध्ये जाणारा वाटा आणि एसी वजा केला तरी पुरेशी शिल्लक राहते, आणि पूर्वी हीच गाडी हाच घाट तिसऱ्यावर चढत होती, हा तर आपलाच पुरावा आहे. तेव्हा गाडीला ताकद कमी पडत नाही; होती ती हरवली आहे.

कुठे हरवली, ते आपल्याच आकड्यांत दिसते. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर अर्धवट काम करू लागला, की तिसरा हिस्सा धोक्यात येतो. गंमत अशी, की वॅगन आरचे ते इंजिन म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) तेच, ६८.५ आणि ७२ मिलिमीटर, फक्त सिलिंडर चार. चौथा बैल जुंपण्याआधी तिसरा का लंगडतो, ते पाहावे.

मेस्त्रींनी केलेली तपासणी अर्धीच आहे. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा झपाट्याने वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइल तात्पुरते रिंगांची फट बुजवते. आकडा जागेवरच राहिला, तर हवा वरून, म्हणजे व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, जिथे सिलिंडरवर बसतो तिथून) जात आहे. आपल्याकडे धूर नाही आणि ऑइल जळत नाही, यावरून माझा कौल व्हॉल्व्हला आहे. एलपीजीची सात वर्षे तर तेच सांगतात. वायुरूप इंधनावर व्हॉल्व्ह आणि त्याची सीट, म्हणजे बंद होताना तो ज्या कड्यावर टेकतो ते, कोरडी आपटत राहते, सीट खोल झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांमधली मोकळीक, हळूहळू संपते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि न बसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला उष्णता देऊ न शकल्याने कडेला जळतो. गाडी पुन्हा पेट्रोलवर आली तरी झालेली झीज भरून येत नाही. टॅपेट वेळोवेळी तपासले जात होते का?

फ्री-फ्लो सायलेन्सरविषयी एवढेच सांगतो, की या इंजिनावर त्यातून ताकदीपेक्षा आवाजच जास्त मिळेल, आणि घाटात लागणारी खालच्या आरपीएमची ओढ उलट कमी होण्याची शक्यता आहे. बोनेटखालची गरम हवा ओढणारा उघडा फिल्टरही टाळावा.

प्रतिसाद २

‘कागदपत्रे कोणी पाहत नाही’ हे वाक्य अपघात होईपर्यंतच खरे असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी आरटीओत इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहतात. विमा कंपनीला न कळवलेले मोठे इंजिन निघाले, तर दाव्याचे काय होईल, याचा विचार आपण करावा. ३७ अश्वशक्तीसाठी बेतलेले ब्रेक आणि सस्पेन्शन घेऊन उतारावर काय होईल, हा आणखी वेगळा प्रश्न आहे. आणि ती एलपीजीची नोंद आधी काढून घ्या.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. काल माझ्यासमोर ऑइल टाकून पुन्हा मोजले. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा १०५ वरून १०८ झाला, बस. टॅपेट शेवटचे कधी पाहिले, हे ना मला आठवले, ना मेस्त्रींच्या वहीत सापडले. नंतर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घालून पाहिले, तर तिसऱ्याच्या एक्झॉस्टला सर्वांत बारीक पातही शिरेना. मेस्त्री थोडे हिरमुसले, पण हेड उघडायला तयार झाले आहेत. हेड काढतोच आहोत तर टायमिंग बेल्ट आणि व्हॉल्व्हच्या ऑइल सीलही बदलाव्यात का? आणि सीट नुसती घासून भागेल, की नवी बसवावी लागेल?

प्रतिसाद १

बेल्ट आणि सील अवश्य बदला. मजुरी एकच पडते. टेन्शनर बेअरिंगही त्याच फेरीत घ्या. सीट किती खोल गेली आहे, ते मशीन शॉपवालाच मोजून सांगेल. थोडकी झीज असेल, तर सीट कापून नवा व्हॉल्व्ह लॅप केला (सीटवर घासून नेमका बसवला) की पुरते. फार खोल असेल, तर कठीण धातूची नवी सीट बसवून घ्यावी. हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का, हे पट्टी ठेवून पाहायला सांगा, आणि बांधल्यानंतर हजार किलोमीटरवर टॅपेट पुन्हा तपासा. बोअरला हात लावू देऊ नका.

प्रश्नकर्ता

हेड उतरले. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला नखाएवढा जळून गेला आहे; बाकीचे दोन बसतात, पण त्यांच्याही सीट खोल आहेत. सिलिंडरच्या भिंतींवर होनिंगच्या (भिंत घासताना काढलेल्या) मूळ रेषा अजून दिसतात, त्यामुळे बोअरिंगचा विषय मेस्त्रींनीच मिटवला. तिन्ही एक्झॉस्ट सीट नव्या बसवायला हेड साताऱ्याला पाठवले आहे आणि गुरुवारी परत मिळेल असे सांगितले आहे. तोवर एसटीने जात आहे. गाडी बांधून झाल्यावर तिन्ही सिलिंडरचे नवे आकडे येथेच देईन.