नेपाळचा पेच आणि दिल्ली : मध्यस्थी कुठवर, दडपण कुठून?

धागा – उत्तरायण

नेपाळच्या राजकीय पेचात भारताला यश आलं ते तिथल्या पक्षांना आपसांत बोलू दिलं तेव्हाच, असं माझं ठाम मत आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी पंतप्रधान देउबा यांचं सरकार बरखास्त करून सत्ता हातात घेतली. भारताने शस्त्रपुरवठा रोखला. त्याच नोव्हेंबरात सात पक्षांची आघाडी आणि माओवादी यांच्यात १२ कलमी समझोता झाला, तोही दिल्लीत. बंदूक घेतलेल्या माओवाद्यांनी बहुपक्षीय लोकशाही मान्य केली आणि वर्षभरात दहा वर्षांचं यादवी युद्ध संपलं.

२०१५ मध्ये भारताने नेमकं उलट केलं. राज्यघटना जाहीर व्हायला दोन दिवस उरले असताना तेव्हाचे भारताचे परराष्ट्र सचिव जयशंकर काठमांडूला गेले. ती जाहीर झाली आणि सीमेवर मालवाहतूक अडली. भूकंपाला जेमतेम पाच महिने झाले होते हो! इंधन नाही, औषधं नाहीत. पुढच्या मार्चमध्ये नेपाळचे पंतप्रधान ओलींनी चीनशी पारवहन करार (चीनमार्गे मालवाहतुकीचा) केला.

प्रतिसाद – तराई

साफ असहमत. मधेसींचा, म्हणजे भारताला लागून असलेल्या नेपाळच्या तराईतल्या लोकांचा, तुम्ही उल्लेखही केला नाहीत. नव्या घटनेतल्या प्रांतांच्या सीमांवरून पेटलेल्या त्यांच्या आंदोलनात, पोलीस धरून, चाळीसहून अधिक माणसं मेली होती. बीरगंजच्या सीमानाक्यावर मधेसी स्वतः धरणं धरून बसले होते. सीमा खुली आहे, दोन्हीकडे सोयरिक आहे; तिथली आग बिहारने नुसती बघत बसायची का? आणि जानेवारी २०१६ मध्ये घटनादुरुस्ती झाली, ती दडपणाशिवाय झाली असती असं मला वाटत नाही.

प्रतिसाद – पायवाट

दोघंही दिल्लीला फार मोठं करताय. एप्रिल २००६ आठवा, राजाविरुद्ध लोक रस्त्यावर होते. करणसिंह भारताचे दूत म्हणून जाऊन आले. २१ तारखेला राजाने पक्षांना पंतप्रधानाचं नाव सुचवायला सांगितलं आणि दिल्लीने लगेच स्वागत केलं. काठमांडूच्या रस्त्यांवरच्या लोकांनी ते धुडकावलं. मग परराष्ट्र सचिव श्याम सरन यांना भूमिका सावरावी लागली. २४ तारखेच्या रात्री संसद पुन्हा बोलावली गेली ती त्या लोकांमुळे. दिल्लीचं श्रेय एवढंच, की ती वेळेत मागे फिरली.

प्रतिसाद – उत्तरायण

पायवाट, मान्य, माझा मुद्दा त्याने पक्काच होतो. तराई, मधेसींची मागणी रास्त होती यात वाद नाही. पण ती दुरुस्ती मधेसी पक्षांनीच अपुरी म्हणून नाकारली. मग महिनोन्महिने सामान्य नेपाळी माणसाची चूल विझवून मिळवलं काय? त्यांचा रास्त प्रश्न काठमांडूत ‘भारताचा डाव’ ठरला, हे नुकसान सगळ्यात मोठं.

प्रतिसाद – तराई

मग काय, गप्प बसायचं होतं? नेपाळच्या बड्या पक्षांचा राज्यघटनेबाबतचा १६ कलमी करार जून २०१५ मध्येच झाला होता. दिल्लीने तेव्हा बोलायला हवं होतं, सप्टेंबरात नव्हे. उशीर झाला हे मला मंजूर. बोलणंच चूक होतं, हे नाही.