किथ, ह्यू, बेटेड : एकाच वाक्प्रचारापुरते उरलेले इंग्रजी शब्द

'कपडेलत्ते' मधला लत्ता आपण कधी सुटा वापरत नाही. कपड्याचा हात धरूनच तो भाषेत राहिला. इंग्रजीतही असे कितीतरी जुने शब्द आहेत, आणि त्यांचा मूळ अर्थ ठाऊक नसला की अनुवादात हमखास घोटाळा होतो.

'किथ अँड किन' घ्या. याचं भाषांतर सर्रास 'नातेवाईक' असं केलं जातं. नातेवाईक म्हणजे फक्त किन, रक्ताचे. किथ म्हणजे ओळखीपाळखीचे, आपल्या मुलखातले. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ठाऊक असणे' या अर्थाशी जोडलेला होता. त्याच कुळातला एक शब्द 'अनकूथ' मध्ये अडकून बसलाय: आधी अर्थ 'अनोळखी', मग 'विचित्र', आणि आता 'असंस्कृत'. किथ अँड किनला माझ्या मते आपल्या लग्नपत्रिकेतला 'आप्तेष्ट' चपखल बसतो. आप्त आणि इष्ट, दोघेही त्यात आले.

'ह्यू अँड क्राय' मधल्या ह्यूचा रंगछटेशी काडीचाही संबंध नाही. हा ह्यू जुन्या फ्रेंचमधला, अर्थ आरोळी. इंग्लंडमध्ये 1285 च्या विंचेस्टरच्या कायद्यानुसार दरोडा पडला की आसपासच्या लोकांनी ओरडत गुन्हेगाराचा पाठलाग करायचा, आणि तो सापडला नाही तर नुकसानभरपाई त्या टापूतल्या लोकांवरच यायची. म्हणजे ओरडणं हे कायद्याने लादलेलं कर्तव्य होतं. आज त्याचा अर्थ नुसती 'आरडाओरड' एवढाच राहिलाय. मराठीत 'हाकाटी' जवळचा वाटतो.

'शॉर्ट श्रिफ्ट' मधला श्रिफ्ट म्हणजे पाद्र्यापुढे दिलेली पापाची कबुली. देहदंड झालेल्याला त्यासाठी जेमतेम काही क्षण मिळत. आता एखाद्या मागणीची धड दखल न घेता ती उडवून लावली, की हा वाक्प्रचार वापरतात.

'बेटेड ब्रेथ' बद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण त्याचं स्पेलिंग छापील मजकुरातही चुकतं. मध्ये 'आय' घातला की ते गळाला लावलेलं आमिष होतं! हा 'बेटेड' आला 'अबेट' वरून, म्हणजे कमी होणे, ओसरणे. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' मध्ये शायलॉकच्या तोंडी तो आहे. श्वास रोखून, दबक्या आवाजात, असा त्याचा भाव.

गंमत म्हणजे पूर्ण रूपातला 'अबेट' आपल्या दिवाणी कोर्टात रोज ऐकू येतो. पक्षकार वारला आणि 90 दिवसांत वारस रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज केला नाही, की वकील म्हणतात, 'दावा अबेट झाला', म्हणजे संपुष्टात आला. ज्यांना हा वापर परिचयाचा आहे त्यांनी 'बेटेड' चं स्पेलिंग चुकण्याचं काही कारणच नाही.

आणि 'स्टेपनी'? तो कुठल्या जोडशब्दाच्या आधाराने राहिला नाही, त्याने मुलूखच बदलला. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावर अडकवायची, आरे नसलेली जादा रिम बनवली. रस्त्याचं नाव तिला चिकटलं. तिकडे आता कुणी जादा चाकाला स्टेपनी म्हणत नाही. आपल्याकडे मात्र रिक्षावाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे तेच म्हणतात.