कोथरूडचा फ्लॅट विकून वाकडला दुकान: कर पुढे ढकलता येतो का?

कोथरूडकर_ताई
नमस्कार मंडळी. डहाणूकर कॉलनीत माझा वन बीएचके आहे. २००९ साली २८ लाखांना घेतला, तेव्हापासून भाड्यानेच दिलाय. आता १ कोटी १५ लाखांचं गिऱ्हाईक आलंय. बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि दर पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला गच्चीकडून ओल येते. पोपडे पडले की भाडेकरू घर सोडतो. त्यापेक्षा वाकडला दुकानाचा गाळा घ्यावा असं फार मनात आहे. या भाड्यावर लेकीचं शिक्षण चाललंय. माझ्या दादाने न्यू जर्सीत भाड्याचं घर विकून गाळा घेतला आणि त्या वेळी कर भरावा लागला नाही. आपल्याकडे असं होतं का?

जर्सीकर
ताई, दादांनी अमेरिकेच्या कर कायद्यातलं कलम १०३१ वापरलं असणार. विक्रीनंतर ४५ दिवसांत नवी मालमत्ता लेखी कळवायची, १८० दिवसांत व्यवहार पुरा करायचा. पैसा मध्यस्थाकडेच राहतो. स्वतःच्या खात्यात आला की सवलत गेली. राहतं घर चालत नाही, गुंतवणुकीचं किंवा धंद्याचंच हवं. पण कर माफ होत नाही, जुनी खरेदी किंमत नव्या मालमत्तेला चिकटते, म्हणजे ती विकताना जुन्या नफ्यावरही कर लागतो. आणि तिकडचं विकून बाणेरला फ्लॅट घेतला तर हे कलम लागू नाही. अमेरिकेतली आणि बाहेरची मालमत्ता एका जातीची धरत नाहीत.

पेठेतला_सीए
ताई, आपल्याकडे नुसती अदलाबदल केली तरी ती कायद्याने विक्रीच. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे नंबर बदलले. ओळखीच्या जुन्या नंबरांनी सांगतो. कलम ५४ म्हणजे घर विकून भारतातच घर. विक्रीच्या १ वर्ष आधी किंवा २ वर्षांत विकत, नाहीतर ३ वर्षांत बांधून. सगळी रक्कम नाही, फक्त नफा गुंतवायचा. नवं घर ३ वर्षं विकायचं नाही. दुकान यात बसतच नाही, हे मला ठामपणे सांगायचंय, कारण एजंट सर्रास उलटं सांगतात.

तुमचा नफा ढोबळ ८७ लाख. १२.५ टक्क्यांनी साधारण १० लाख ८७ हजार, वर सरचार्ज आणि सेस. जुनी खरेदी असल्याने इंडेक्सेशन धरून, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून, २० टक्क्यांचा हिशोबही करून बघा, तुमच्या बाबतीत तो कमी येईल असं दिसतंय.

कोथरूडकर_ताई
मग दुकानाचा नाद सोडू का?

पेठेतला_सीए
अजिबात नको. कलम ५४ईसीचे कर वाचवणारे बाँड आहेत, आरईसी, पीएफसी या सरकारी कंपन्यांचे. त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही. ५० लाखांपर्यंत, विक्रीपासून ६ महिन्यांत. पैसे ५ वर्षं अडकतात. उरलेल्या नफ्यावर कर भरा आणि राहिलेल्या पैशांत गाळा बघा. वाकडच्या मेन रोडवर जमणार नाही, आतल्या रस्त्याला बघावं लागेल. मुद्रांक शुल्क बजेटमध्ये आधीच धरा.

सिंहगड_रोडवाला
घराचाच विचार केलात तर एक सांगतो. रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर झालं नाही तर पैसे बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात, म्हणजे अशा नफ्यासाठीच्या खास खात्यात टाकावे लागतात, साध्या बचत खात्यात ठेवून चालत नाही. माझ्या बिल्डरने ताबा लांबवला तेव्हा हे खातं होतं म्हणून निभावलं.

कोथरूडकर_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. बाँड आणि छोटा गाळा, असंच करते. ६ महिने टोकनपासून मोजायचे का?

पेठेतला_सीए
नाही, विक्रीच्या तारखेपासून. मात्र दस्ताआधी ताबा देणार असाल तर आधी मला किंवा तुमच्या सीएला विचारा, विक्रीची तारीख आधीची धरली जाऊ शकते. आणि घेणारा १ टक्का टीडीएस कापेल, म्हणजे १ लाख १५ हजार. ते तुमच्या पॅनवर जमा झालेत का, तेवढं बघून घ्या.