छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस जलरंगात : इतके बारकावे कसे सांभाळावेत?

दादरची जलरंगी :
गेली चार वर्षे मी जलरंगात निसर्गचित्रे करीत आहे, परंतु या वेळी प्रथमच टर्मिनसची दर्शनी बाजू रंगवायला घेतली आहे. जाड (३०० जीएसएम) आणि किंचित खडबडीत (कोल्ड प्रेस्ड) कागदावर प्रत्येक कमान आणि प्रत्येक खिडकी पेन्सिलीने काढण्यातच तीन रविवार गेले. रेखांकन मनासारखे झाले; मात्र खिडक्या एकामागून एक गडद करीत गेल्यामुळे इमारत दगडी न वाटता जाळीसारखी दिसू लागली आहे, आणि घुमटाभोवतीचे आकाश एका दमात भरता न आल्याने तेथे वाळलेल्या रंगाच्या कडा उमटल्या आहेत. नव्याने सुरुवात करायची झाल्यास आधी काय रंगवावे? मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद कोरा राखण्यासाठी लावून नंतर सोलून काढायचा द्रव, वापरावे का?

गिरगावचा कुंचला :
आपण सुट्या खिडक्या रंगविल्या, सावली रंगविली नाही, असे मला वाटते. ही दर्शनी बाजू पश्चिमेकडे असल्याने सकाळी ती सपाट सावलीत असते. दुपारी चारनंतर तिरपे ऊन पडले की कमानींच्या आतला अंधार, सज्जांखालची सावली आणि खिडक्यांचा काळोख एकमेकांत मिसळून मोठे, सलग आकार तयार होतात. डोळे किलकिले करून तेवढेच आकार एका लहान कागदावर तीन छटांत करून पाहावेत.

मोठ्या चित्रात आकाशानंतर संपूर्ण इमारतीवर यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, द्यावा, उजळ जागा कोऱ्या सोडाव्यात, आणि तो पूर्ण वाळल्यावर अल्ट्रामरीन (गडद निळा) व बर्न्ट सिएना मिसळून केलेल्या करड्या रंगाने सगळी सावली एकाच बैठकीत, ब्रश फारसा न उचलता जोडत न्यावी. खिडक्यांतील अगदी गडद ठिपके शेवटी द्यावेत, तेही मोजकेच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली. तिचे सगळे कोरीवकाम तीन रविवारांत कागदावर उतरावे, ही अपेक्षाच जरा जास्त आहे. घुमट आणि घड्याळाजवळ तपशील ठेवा, दोन्ही बाजूंचे भाग पुसट होऊ द्या.

माहीमचा कागदवेडा :
आकाशासाठी बोर्ड उलटा धरून किंचित तिरका ठेवावा आणि वॉश घुमटाच्या कडेपासून सुरू करावा, म्हणजे जास्तीचे पाणी इमारतीपासून दूर ओघळते. रंग वाटीत आधीच भरपूर कालवून ठेवावा आणि पंखा बंद करावा. दमट हवेत वॉश सावकाश वाळतो हा खरे तर आपला फायदाच असतो, पण पंख्याखाली एक बाजू आधी सुकते आणि कडा धरते. आणखी एक गोष्ट म्हणजे, पावसाळाभर उघडा राहिलेला कागद आधी तपासावा. ओलीने कागदावरचे सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, बिघडले असेल, तर रंग ठिकठिकाणी टिपकागदासारखा शोषला जातो आणि दोष मात्र आपण हाताला देत बसतो.

मास्किंग फ्लुइड कळसाची टोके आणि दिव्यांचे खांब यांपुरतेच ठेवावे. ते नेहमी कोरड्या कागदावर लावावे आणि फार दिवस तसेच ठेवू नये, अन्यथा काढताना कागदाचा पापुद्रा निघतो.

पार्ल्याची रेघ :
बाजूचे भाग पुसट करण्याचा सल्ला मला सरसकट पटत नाही, कारण या इमारतीचा भारदस्तपणा तिच्या कमानींच्या लांबलचक ओळीतच आहे. तपशील कमी करा, पण कमानींची लय मोडू नका. सावळाराम हळदणकरांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आठवा : ज्योतीवर धरलेल्या बोटांतून झिरपणारा उजेड नजर खेचून घेतो, तरी साडीच्या चुण्या कोठेही ढिल्या पडलेल्या नाहीत.

दादरची जलरंगी :
मनःपूर्वक आभार. पंखा खरोखरच सुरू होता. रेखांकन ट्रेस करून नव्या कागदावर उतरवत आहे, म्हणजे खोडरबराने कागदाचा पृष्ठभाग खराब होणार नाही. शनिवारी दुपारी चार वाजता महापालिका मुख्यालयाच्या बाजूच्या पदपथावर उभी राहून आधी तीन छटांचे छोटे चित्र करीन आणि ते येथे टाकीन.