अनुभव: लेखनाचे नियम बदलले तेव्हा

मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ साली लागू झाले आणि १९७२ मध्ये आणखी ४ आले. भाषेतला कोणता बदल अंगवळणी पडायला वेळ लागला, हे सातारा-सांगलीकरांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सातारा, निवृत्त शिक्षिका
नियम आले तेव्हा मी सहावीत होते. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'केलें' असे लिहिले नाही तर गुण जात; पुढे तेच टिंब दिले म्हणून जाऊ लागले. वर्गाला सुटल्यासारखे वाटले, कारण आमच्या बोलण्यात नसलेले टिंब आम्ही नुसते पाठ करत होतो. आजीचे माहेर कोकणातले, तिच्या बोलण्यात मात्र तो नाकातला उच्चार होता. तिच्या पत्रांत 'ते आले' म्हणजे वडील आणि 'तें आलें' म्हणजे वासरू, हे एका टिंबाने कळे. आता ते मागच्यापुढच्या मजकुरावरून ओळखावे लागते. मी आयुष्यभर नवे नियमच शिकवले आणि ते मुलांच्या सोयीचे आहेत असेच माझे मत आहे, तरी ती पत्रे वाचताना काय गेले ते जाणवते.

सांगली, मुद्रितशोधक
१८४३ मध्ये सांगलीत मराठी नाटक उभे करणाऱ्या विष्णुदास भाव्यांची काही पदे एका स्मरणिकेसाठी माझ्याकडे आली आणि मी सवयीने सगळी टिंबे काढून टाकली. छपाईआधी एका गुरुजींनी नियमच उघडून दाखवला: केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मूळ लेखनाप्रमाणेच छापायचे असते. ती रात्र मूळ प्रतीशी ताडून एकेक टिंब परत बसवण्यात गेली. हा नियम इतक्या वर्षांच्या कामानंतर कळावा, याचे आजही वाईट वाटते.

कराड, पालक
२०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'एकवीस'साठी 'वीस एक' आले, तेव्हा सासूबाई नाराज झाल्या. लेक मात्र 'त्र्याण्णव'ला अडखळायची, ती 'नव्वद तीन' सहज म्हणू लागली. बाजारात जुनीच नावे लागतात, म्हणून घरी पाढे तसेच म्हणतो.

विटा, महाविद्यालयीन विद्यार्थी
माझ्या कथेतली आई 'म्या सांगितलं व्हतं' म्हणते. तपासताना तिथे 'मी सांगितले होते' असे केले गेले. नियम पाहिले, तर पात्राच्या तोंडी 'असं केलं' अशी रूपे लिहिण्याची मुभा आहे. वर बाईंनी सांगितलेले 'केलें'वरचे टिंब गेले आणि 'केलं'वरचे राहिले, कारण ते शेवटचा 'अ' लांबतो हे दाखवते. हे दाखवल्यावर 'सांगितलं' परत मिळाले. 'व्हतं'विषयी आमची चर्चा अजून चालू आहे.