‘लेडी’ नावाआधी की आडनावाआधी?

दप्तरी: काल एका लेखात ‘लेडी मेहरबाई’ असं चारदा वाचलं आणि राहवलं नाही. आपण ‘लेडी’ हा शब्द ‘श्रीमती’सारखा वापरतो, पण तो तसा नाही. इंग्लंडच्या रिवाजात ड्यूक, मार्क्वेस किंवा अर्ल या वरच्या उमरावांच्या मुलींच्याच स्वतःच्या नावाआधी ‘लेडी’ लागतं. वडील १९७५ मध्ये अर्ल झाले, म्हणून डायना स्पेन्सर ‘लेडी डायना’ झाल्या. ‘सर’च्या पत्नीला ते फक्त आडनावाआधी. दोराबजी टाटांना १९१० मध्ये ‘सर’ किताब मिळाला, म्हणून मेहरबाई झाल्या ‘लेडी टाटा’. त्या गेल्यावर दोराबजींनी १९३२ मध्ये काढलेल्या न्यासाचं नावही तेच आहे. ‘लेडी मेहरबाई’ लिहिलं की त्या कुणा अर्लच्या कन्या ठरतात.

ओवी: रिवाज तुम्ही बरोबर सांगितलात, पण तो पाळला की बाईचं नावच पुसलं जातं. मेहरबाई बालविवाहाविरुद्ध परदेशातही बोलल्या. ‘लेडी टाटा’मध्ये त्या कुठे आहेत? त्यात कळतं ते एवढंच, की नवरा ‘सर’ होता. मी ‘लेडी मेहरबाई’ जाणूनबुजून लिहिते.

दप्तरी: मग सरळ ‘मेहरबाई टाटा’ लिहा ना. किताब लावायचा तर त्याच्या अटींसकट लावा. अर्धा घेऊन अर्धा टाकलात, तर पुढे वाचणाऱ्याला तो मान जन्माचा होता की लग्नाचा हेच कळणार नाही.

नीरक्षीर: मला दोघांचंही पटत नाही. परका शब्द मराठीत आला की तो आपल्या चालीने चालतो. आपल्याकडे मान नावालाच चिकटतो: पंडिता रमाबाई, महाराणी चिमणाबाई. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या प्रेमलीलाबाईंना सगळे ‘लेडी प्रेमलीला ठाकरसी’च म्हणत आले. त्यात चूक कसली? ही मराठीची सवय आहे, आणि चांगली सवय आहे.

ओवी: चिमणाबाईंचं उदाहरण जरा जपून द्या. सयाजीरावांच्या दुसऱ्या राणीचं माहेरचं नाव गजराबाई घाटगे. ‘चिमणाबाई’ हे बडोद्याने दिलेलं, पहिल्या राणीचंही तेच होतं. झाशीची मनकर्णिकाही सासरी लक्ष्मीबाई झाली. म्हणजे आपल्याकडे किताबापुढे नाव येतं खरं, पण ते तरी तिचं कुठे होतं?

नीरक्षीर: हे माझ्या लक्षात नव्हतं. तो मुद्दा मागे घेतो. ठाकरसींचा घेत नाही.

दप्तरी: ठाकरसींबद्दल मीही आता वाद घालणार नाही, ते नाव रूढ झालंय. पण ओवी, तुमचा राग खरा कुठे लागू पडतो ते सांगतो. ‘सर’ची पत्नी ‘लेडी’ होते, पण ‘सर’च्या तोडीचा ‘डेम’ किताब मिळालेल्या बाईच्या नवऱ्याला काहीही मिळत नाही. १९५८ च्या कायद्यानंतर हयातीपुरत्या उमराव, म्हणजे ‘बॅरोनेस’, होऊन बायका ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात बसू लागल्या, तरी त्यांच्या नवऱ्यांनाही त्यातून काही नाही.

ओवी: म्हणूनच तर म्हणते, ‘लेडी टाटा’ हे न्यासाच्या पाटीवर राहू दे. मेहरबाईंवर लिहिताना मी ‘लेडी’ काढते, तुम्ही सुचवलं तसं. ‘मेहरबाई’ मात्र प्रत्येक वाक्यात येईल.