मदत हवी: वजन बेताचं, तरी फॅटी लिव्हर (यकृतात चरबी) ग्रेड 2. खायचं काय?

शिवारातला: सोनोग्राफीत ग्रेड 2 आलं. वजन 65 किलो, जाड नाही. पंधरा दिवस तेल पूर्ण बंद केलंय. अजून काय सोडू? नीट तक्ता द्या, लवकर.

तापीकाठ: वय, उंची, बेंबीवरून कंबर? रक्ताच्या तपासण्या: एसजीपीटी, एसजीओटी (यकृताच्या), प्लेटलेट, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर)? दारू? स्टेरॉइडसारखं काही चालू? हिपॅटायटिस बी-सी तपासलं?

रानवाट: एवढं कशाला भो? सकाळी गुळवेलीचा काढा घ्या, साखरेऐवजी गूळ.

तापीकाठ: गुळवेल नको. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदवलेत. आणि गूळ म्हणजे यकृताला साखरच.

रानवाट: पिढ्यान्‌पिढ्या घेतात लोक.

शिवारातला: भांडू नका. वय 38, उंची 170 सेंमी. कंबर 94 निघाली, पँट 34 चीच लागते! एसजीपीटी 68, एसजीओटी 44, प्लेटलेट 2 लाख 10 हजार, ट्रायग्लिसराइड 240, एचबीएवनसी 5.9. दारू, गोळ्या नाहीत, बी-सी निगेटिव्ह. चहा 4 कप, दोन-दोन चमचे साखर. केळी घरचीच, दिवसाला 3-4.

तापीकाठ: पँट बेंबीखाली बसते, म्हणून कळत नाही. आपल्या पुरुषांत 90 च्या वर कंबर म्हणजे चरबी पोटात, आतड्यांभोवती. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.5 असला तरी. फिब-4 (यकृत कडक झालंय का, याचा अंदाज देणारा आकडा) काढला: (वय गुणिले एसजीओटी) भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). 0.97 येतो. 1.3 च्या खाली, म्हणजे यकृत कडक झाल्याची शक्यता कमी.

खरा घोळ चहात आहे. 8 चमचे म्हणजे 40 ग्रॅम साखर. तिच्यातलं फ्रुक्टोज बहुतेक यकृतातच जातं आणि जास्त झालं की तिथे त्याची चरबी बनते. साखर आजपासून बंद, कोरी बिनसाखरेची कॉफी दोन कप चालेल. केळं एकच, तेही अर्धी भाकरी कमी करून. तेल पूर्ण सोडून पोट भाकरी-भातावर भरलं तर ट्रायग्लिसराइड उलट चढतं. माणशी दिवसाला 4 चमचे (चहाचे) घ्या, चौघांच्या घरात महिन्याला अडीच लिटरच्या आत. जेवणात कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) दोन भाकरी, घट्ट डाळ दोन वाट्या, भाजी दुप्पट. वजन 2-3 किलोच उतरवा, तीन-चार महिन्यांत. उपास करून झपाट्याने उतरवलं तर यकृताची सूज वाढू शकते.

मेहरूणकर: भरीत बिनधास्त खा, पण वांगं बामणोदचंच.

रानवाट: आसोद्याचं का नाही?

मेहरूणकर: चवीत फरक आहे दादा. आणि भाजायला तुरकाठ्या.

तापीकाठ: वांगं कुठलंही असो, फोडणीचं तेल त्या 4 चमच्यांतच मोजा.

शिवारातला: शेवभाजी?

तापीकाठ: महिन्यातून एकदा, तर्री काढून, शेव मूठभर. जोर-बैठका आठवड्यातून तीनदा. तीन महिन्यांनी कंबर, एसजीपीटी, ट्रायग्लिसराइड पुन्हा. ग्रेडकडे बघू नका, तो सोनोग्राफी करणाऱ्यागणिक बदलतो. आणि हे सगळं तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच करा.